माऊसची दुखणी आणि सोलापूरची हवा

संगणकाचा माऊस हे मुळात मोजमापाचे उपकरण आहे. हात मेजावर किती आणि कोणत्या दिशेने सरकला हे तो मोजतो, बोटाने बटण केव्हा दाबले व केव्हा सोडले याची नोंद घेतो, मधले चाक किती फिरले हे टिपतो आणि या तिन्ही नोंदी तारेतून किंवा बिनतारी लहरींद्वारे सेकंदाला साधारणतः १२५ वेळा संगणकाकडे पोचवतो. ही तीन कामे करणारी अंगे एकाच कवचात बसवलेली असली तरी ती एकमेकांवर फारशी अवलंबून नसतात. बटण पूर्ण निकामी झाले तरी पडद्यावरचा बाण, म्हणजे कर्सर, बिनतक्रार फिरत राहतो आणि कर्सर जागीच खिळला तरी बटणे ठणठणीत असू शकतात. त्यामुळे ‘माऊस बिघडला’ एवढेच म्हटल्याने निदानाला काहीही हाती लागत नाही. कर्सर अडखळतो की उड्या मारतो, एका क्लिकचे दोन होतात की एकही होत नाही, पान खाली न्यायचे असताना वर सरकते, की ठरावीक वेळाने सगळेच क्षणभर थांबते, हे नेमके सांगता आले की दोष कोठे शोधायचा हे बहुतांशी ठरून जाते. याखेरीज एक बाब अशी की जिचा उल्लेख माऊससोबतच्या माहितीपत्रकात सहसा नसतो, ती म्हणजे माऊस ज्या गावात वापरला जातो त्या गावची हवा, तेथील धूळ आणि तेथील वीज.

सोलापूर या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगे शहर आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या मागे पडल्या, तरी हातमाग व यंत्रमाग टिकले आणि चादर व टेरी टॉवेल ही या शहराची ओळख बनली. शहराच्या पूर्व भागातील साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या वस्त्यांत, तसेच अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माग चालतात आणि जुन्या वस्त्यांत अनेक ठिकाणी माग व राहते घर यांच्यात एका भिंतीचेच अंतर असते. सूत मागावर ताणले जाताना व घासले जाताना त्यातून अतिशय बारीक तंतू सुटतात, सुताला बळकटी यावी म्हणून दिलेल्या कांजीचे वाळलेले कण त्यांच्याबरोबर उडतात आणि हे मिश्रण पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या जाळीवर आणि अर्थातच संगणकाच्या मेजावर बसते. साध्या मातीच्या धुळीपेक्षा ही धूळ वेगळी असते, कारण माती झटकली की जाते, तर तंतू एकमेकांत गुंततात, फिरणाऱ्या आसाभोवती गुंडाळले जातात आणि हाताच्या घामाने कांजी ओलसर झाली की तेथेच चिकटून बसतात. त्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचे आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत. तेव्हा तंतू, कोरडेपणा आणि विजेचे चढउतार या तीन गोष्टी धरूनच येथील माऊसच्या दुखण्यांचा विचार करावा लागतो.

तंतूंचे माऊसशी हे वैर जुने आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये घडवलेला पहिला माऊस म्हणजे लाकडी ठोकळ्याखाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजत असे व दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाकांची जागा रबराचे आवरण असलेल्या चेंडूने घेतली आणि हा चेंडू आतल्या दोन बारीक रुळांना फिरवू लागला. चेंडू मेजावरचे तंतू उचलून आत नेई, ते रुळांवर पट्टीसारखे गुंडाळले जात, रुळाचा घेर एका जागी वाढे आणि कर्सर ठेचकाळत चाले. महाराष्ट्रात २००१ मध्ये एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्या सुमारास चेंडूचे माऊस सर्रास वापरात होते आणि चेंडू काढून रुळांवरची ती मळकट पट्टी नखाने खरवडणे ही देखभाल संगणक शिकणाऱ्यांच्या एका संपूर्ण पिढीच्या अंगवळणी पडली होती. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या इंटेलिमाऊस एक्सप्लोररपासून प्रकाशाच्या साहाय्याने चालणारा, कोणत्याही विशेष पाटीची गरज नसलेला माऊस घरोघरी पोचू लागला आणि चेंडू गेला. तंतूंचा प्रश्न मात्र गेला नाही. त्याने फक्त जागा बदलली.

प्रकाशीय माऊसच्या पोटाशी असलेल्या लहानशा भोकात एक दिवा, एक भिंग आणि त्यामागे सेन्सर, म्हणजे अगदी कमी बिंदूंची चित्रे घेणारा छोटा कॅमेरा, असतो. दिव्याचा प्रकाश मेजावर तिरपा पाडलेला असतो. मावळतीच्या उन्हात रस्त्यावरचा एरवी न जाणवणारा खड्डाही लांब सावलीमुळे उठून दिसावा, त्याप्रमाणे या तिरप्या प्रकाशात पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे आणि ओरखडे सेन्सरला स्पष्ट दिसतात. सुरुवातीचे सेन्सर सेकंदाला सुमारे १५०० चित्रे घेत, आताचे त्याहून कितीतरी अधिक घेतात, आणि एका चित्रातील खुणा पुढच्या चित्रात किती सरकल्या हे ताडून सेन्सर हालचालीचे माप काढतो. या सेन्सरला एका वेळी दिसणारा भाग जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा असतो आणि प्रचलित रचनेत भिंगापासून पृष्ठभागाचे अंतर सुमारे २.४ मिलिमीटर असावे लागते. त्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून अधिक फरक पडला की चित्र धूसर होते. कर्सरच्या अडखळण्याची बहुतेक कारणे या दोन आकड्यांमध्येच दडलेली आहेत.

काचेच्या मेजावर किंवा आरशासारख्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर माऊस का चालत नाही, याचे उत्तर तेथे टिपण्याजोगी खूणच नसते हे होय. सोलापुरात विशेष आढळणारा प्रकार मात्र याच्या उलट आहे. पलंगावर किंवा जमिनीवर बसून संगणक वापरताना माऊस चादरीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर फिरवला जातो, आणि जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, विणीत खुणांची काहीच कमतरता नसते. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी सेन्सरला गोंधळात टाकते, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु एक मिलिमीटर रुंदीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला मोर दिसतच नाही, त्याला दिसतात ते केवळ ताण्याबाण्याचे काही धागे. अडचण असते ती मऊपणाची. हाताच्या भाराने माऊस गादीत कमीअधिक रुततो, टेरी टॉवेलचे उभे फासे भोकातून थेट भिंगापर्यंत वर येतात आणि २.४ मिलिमीटरचे ते अंतर क्षणाक्षणाला बदलत राहते. शिवाय कापड घासले गेल्याने सुटलेला एखादा तंतू भिंगासमोर अडकला, तर तो माऊसबरोबरच फिरत असल्यामुळे सेन्सरला सतत एकाच जागी स्थिर दिसतो. मागची जमीन हलते आणि समोरचा तंतू स्थिर राहतो, या दोन विरोधी साक्षींमुळे कर्सर कधी थरथरतो, कधी हळू चालतो, कधी जागीच अडतो.

परीक्षा सोपी आहे. मेजावर एक साधा पांढरा कागद ठेवून त्यावर माऊस फिरवावा. कर्सर सुरळीत चालला तर दोष पृष्ठभागाचा आणि तरीही अडखळला तर माऊस उलटा करून भोकात पाहावे. तंतू दिसल्यास तो फुंकरीने घालवण्याचा मोह टाळणे बरे, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे सूक्ष्म तुषार भिंगावर बसतात. मऊ कोरडा ब्रश किंवा कापसाऐवजी घट्ट विणीच्या कापडाचे टोक वापरावे, कारण कापसाचा बोळा स्वतःच नवे तंतू मागे ठेवतो. चिकट डाग असल्यास औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबभर पुरते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवातही अल्कोहोल असते, परंतु त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन मिसळलेले असते आणि ते उडून न जाता चिकट थर मागे ठेवते, म्हणून तो द्रव येथे कामाचा नाही. पोटाखालच्या निसरड्या पट्ट्यांभोवती जमलेला मळही याच वेळी काढावा, कारण पट्टीखाली कांजी व घाम यांचा थर जमला की माऊस तेवढा वर उचलला जातो. पोटाशी लाल दिवा दिसत नसेल तर वीज पोचत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. अनेक माऊसमध्ये अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश वापरलेला असतो आणि तो पुष्कळदा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास दिसतो. डोळा मात्र भोकाजवळ नेऊन पाहू नये, कारण काही माऊसमध्ये लेझर असतो.

हे सर्व करण्यापूर्वी, किंबहुना माऊसला हात लावण्यापूर्वी, दोष माऊसचाच आहे याची खात्री करून घेणे आवश्यक असते आणि या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. संशयित माऊस दुसऱ्या संगणकाला आणि चांगला माऊस या संगणकाला लावून पाहणे, या अदलाबदलीला दोन मिनिटे लागतात आणि तिने तास वाचतात. तक्रार माऊसबरोबर दुसऱ्या संगणकाकडे गेली तर दोष माऊसचा. ती मूळ संगणकापाशीच राहिली तर दोष जोडणीचा, सेटिंगचा किंवा विजेचा. कर्सर गोठला असता कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, हे पाहावे; दिवाही बदलत नसेल तर संगणकच अडकला आहे आणि माऊस निर्दोष आहे. कर्सर आपोआप सरकत असेल तर माऊस सरळ काढून ठेवावा. त्यानंतरही कर्सर चालत राहिला, तर लॅपटॉपचा टचपॅड, म्हणजे बोटाच्या स्पर्शाने कर्सर हलवणारी पट्टी, तपासावी लागते. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची यू.एस.बी. खोबण मदरबोर्डला आतल्या एका स्वतंत्र तारेने जोडलेली असते आणि ती जोडणी पुष्कळदा सैल झालेली आढळते, त्यामुळे माऊस मागच्या खोबणीत लावून पाहणे हाही निदानाचाच भाग होय. जुन्या संगणकांवरील गोल पी.एस./२ खोबणीत माऊस लावायचा असेल तर संगणक बंद असताना लावावा. ही १९८७ मधील रचना चालू संगणकात जोडणी करण्यासाठी बनवलेली नाही.

सेटिंगमुळे होणारे घोटाळे थोडेच, पण फसवे असतात. विंडोजमध्ये डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या गेल्या की ‘माऊस कीज’ ही सोय चालू करण्याची विचारणा होते व तिला नकळत होकार दिला गेला, तर कळफलकाच्या आकड्यांच्या भागाने कर्सर हलू लागतो. ‘पॉइंटरची अचूकता वाढवणे’ अशा अर्थाची सेटिंग प्रत्यक्षात हाताच्या वेगानुसार कर्सरचा वेग वाढवते, त्यामुळे तेच अंतर हळू सरकवल्यास कर्सर कमी जातो आणि झपाट्याने सरकवल्यास अधिक. संगणकावर चादरीची नक्षी आखणाऱ्या व्यक्तीला हे नाव दिशाभूल करणारे वाटले तर त्यात नवल नाही. काही वेळ वापर नसता माऊस झोपी जातो आणि पहिली हालचाल वाया जाते, अशी तक्रार असेल तर वीज वाचवण्यासाठी यू.एस.बी. खोबणीचा पुरवठा तात्पुरता तोडण्याची सेटिंग बंद करून पाहावी.

आता सर्वांत चिवट दुखण्याकडे वळता येईल. एकदा दाबले असता दोनदा क्लिक होणे हा माऊसचा खराखुरा झिजेचा आजार आहे आणि त्याचे मूळ बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये असते. शेंगदाण्याएवढ्या या डबीत तांब्याच्या मिश्रधातूची एक वाकवलेली पातळ पट्टी असते. तिच्यावर पुरेसा दाब पडला की ती ‘टिक’ असा आवाज करून एका स्पर्शबिंदूवरून दुसऱ्यावर उडी घेते. कोणतेही दोन धातू असे आदळले की पहिल्याच स्पर्शाला चिकटून राहत नाहीत. ते काही सहस्रांश सेकंद थरथरतात आणि तेवढ्यात विजेचा मार्ग अनेकदा जुळतो व तुटतो. माऊसमधील नियंत्रक चिपला हे ठाऊक असते, म्हणून पहिला स्पर्श झाल्यानंतर ठरावीक सहस्रांश सेकंद ती पुढच्या थरथरीकडे कानाडोळा करते. पट्टी नवी असेपर्यंत हा हिशेब जमतो. लाखो वेळा वाकून तिचा ताण कमी झाला आणि स्पर्शबिंदूवर गंजाचा वा मळाचा अदृश्य थर जमला की थरथर त्या मुदतीबाहेर जाते आणि चिपला एकाच दाबाचे दोन दाब दिसू लागतात. विजेच्या मोठ्या स्विचमध्ये प्रवाहाची ठिणगी असा थर जाळून टाकते. माऊसच्या स्विचमधून मात्र इतका क्षीण प्रवाह जातो की थर जळत नाही आणि वाढतच राहतो.

एखादी फाइल किंवा फायलींचा संच ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेताना तो वाटेतच सुटणे, किंवा मजकूर निवडत असता निवड मध्येच मोडणे, ही तक्रार वरवर वेगळी भासली तरी आजार हाच असतो, कारण तेथे दाबून धरलेली पट्टी क्षणभर सुटते. खात्री करण्यासाठी बटण मुद्दाम हळू आणि हलके दाबून पाहावे. जोरात दाबले असता स्विच नीट चालतो आणि हलक्या दाबाने चुकतो, हे या झिजेचे ठळक लक्षण आहे. यावर डबल-क्लिकच्या वेगाची सेटिंग बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो बहुधा निरुपयोगी ठरतो. विंडोज दोन क्लिकमधील अंतर मूळतः ५०० सहस्रांश सेकंदांपर्यंत असले तर त्यांना डबल-क्लिक मानते आणि ही मर्यादा २०० पर्यंतच खाली आणता येते, तर झिजलेल्या स्विचचा दुसरा खोटा क्लिक पहिल्यानंतर बहुधा १०० सहस्रांशांच्याही आत येतो. हीच सेटिंग उलट दिशेने, ९०० सहस्रांशांपर्यंत, नेणे मात्र वृद्धांच्या उपयोगी पडते; त्यांची तक्रार डबल-क्लिक होतच नाही अशी असते आणि तेथे माऊस पूर्ण निर्दोष असतो. खोटा क्लिक संगणकातच गाळून टाकण्याची सोय लिनक्समधील लिबइनपुट या घटकात मुळातच आहे आणि विंडोजसाठी तसे छोटे प्रोग्राम मिळतात. हे उपाय आजार झाकतात, पण झाकण्याने काही महिने निघत असतील तर घरगुती वापरात तेवढे पुरेसे आहे.

या आजाराचा चटका सोलापुरातील एका व्यवसायाला विशेष बसतो. चादरीची नक्षी पूर्वी चौकटीच्या कागदावर आखली जाई. त्यातील प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक धागा उचलला जाणार की दबलेला राहणार याचा निर्णय असे, आणि त्यावरून जेकार्डसाठी पुठ्ठ्यांना भोके पाडली जात. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिऑं शहरात जोझेफ मारी जाकार यांनी सिद्ध केलेली हीच पद्धत पुढे गणनयंत्रांच्या पंच कार्डांना प्रेरणा देणारी ठरली, हे सर्वश्रुत आहे. आता तो चौकटीचा कागद संगणकाच्या पडद्यावर आला आहे. एका क्लिकने चौकोन भरतो आणि दुसऱ्या क्लिकने रिकामा होतो अशा रचनेत माऊसने एकाचे दोन केले, तर चौकोन भरून लगेच रिकामा होतो. आखणाऱ्याला आपला क्लिक लागलाच नाही असे वाटते व तो बटण अधिक जोराने दाबू लागतो, त्यामुळे पट्टी आणखी लवकर झिजते. साधारण मायक्रोस्विचचे आयुष्य १ कोटी क्लिक इतके सांगितले जाते. रोज ३००० क्लिक करणाऱ्या घरगुती वापरात हे आयुष्य नऊ वर्षांहून अधिक भरते, पण ठिपक्यामागे ठिपका भरत दिवसाला १०,००० क्लिक करणाऱ्या नक्षीकाराच्या हातात ते तीन वर्षेही पुरत नाही, आणि हा कारखान्यातील प्रयोगशाळेचा आकडा आहे, तंतू व कांजी यांच्या हवेतला नव्हे. अशा कामासाठी प्रकाशाचा झोत अडवून क्लिकची नोंद करणारे, म्हणजे धातूचा स्पर्शच टाळणारे स्विच असलेला माऊस महाग पडला तरी हिशेबाने स्वस्त ठरू शकतो.

चाकाचा दोष ओळखायला सर्वांत सोपा आहे. चाकाच्या आसाला एन्कोडर नावाचा छोटा भाग जोडलेला असतो आणि तो एकामागोमाग एक असे दोन संकेत पाठवतो. कोणता संकेत आधी आला यावरून चाक पुढे फिरले की मागे, हे चिप ठरवते. स्पर्शबिंदूंवर धूळ बसली किंवा त्यावरचे वंगण उन्हाळ्याच्या उष्णतेत सुकून घट्ट झाले की एखादा संकेत गळतो, क्रम उलटा वाटतो आणि पान खाली जाता जाता मध्येच वर उसळी घेते. यंत्रमागाजवळच्या घरांत याच्या जोडीला आसाभोवती गुंडाळलेल्या तंतूंचे वेटोळे हमखास सापडते. बाहेरून हवेचा झोत मारून काही काळ आराम पडतो. कायमची सफाई हवी असेल तर माऊस उघडावा लागतो.

तारेच्या माऊसमध्ये तार जेथे कवचात शिरते तेथे ती वर्षानुवर्षे एकाच जागी वाकत राहते आणि आतल्या चार बारीक तारांपैकी एखादी बाहेरून काहीही न दिसता तुटते. माऊस स्थिर धरून तार त्या जागी हलके वाकवताना दिवा विझत-पेटत असेल, किंवा संगणक जोडणी तुटल्याचा व पुन्हा जुळल्याचा आवाज करत असेल, तर दुसरे निदान करत बसण्याचे कारण नाही. बिनतारी माऊसमध्ये ही अडचण नसते, पण तो २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारितेवर बोलतो आणि त्याच पट्ट्यात घरातील वाय-फाय व ब्लूटूथही गर्दी करून असतात, शिवाय यू.एस.बी. ३.० च्या वेगवान जोडण्यांमधून याच पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक लेखात दाखवून दिले आहे. बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारच्या खोबणीत माऊसचे संकेत घेणारा रिसीव्हर लावला की कर्सर अडखळतो आणि डिस्क काढली की सुधारतो, यामागचे कारण हेच होय. रिसीव्हर लोखंडी कॅबिनेटच्या मागे खोचण्याऐवजी हातभर लांबीच्या जोडतारेने मेजावर आणला की बहुतेक कुरबुरी मिटतात. त्यानंतर उरतो तो सेल. अल्कलाइन सेल बंद खोलीच्या मे महिन्यातील उष्णतेत महिनोन् महिने पडून राहिला तर गळू शकतो. त्यातून बाहेर येणारे पांढरे क्षार अल्कधर्मी असल्याने व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाच्या थेंबाने ते निष्प्रभ करून, नंतर अल्कोहोलने पुसून, पत्र्याचे स्पर्शबिंदू वाचवता येतात. दीर्घ सुट्टीला जाताना सेल काढून ठेवणे याहून सोपे आहे.

वीज हा विषय माऊसच्या बाहेरचा असला तरी सोलापुरात तो टाळून चालत नाही. दुपारी कूलर चालू-बंद होताना किंवा त्याच इमारतीतील मागाची मोटर सुरू होताना वीजवाहिनीत क्षणिक झटका उमटतो, तो यू.एस.बी. जोडणीपर्यंत पोचला तर माऊसची चिप गोंधळते आणि कर्सर सेकंदभर थांबतो किंवा माऊस काढून पुन्हा लावेपर्यंत मृतवत राहतो. कर्सर थांबण्याच्या वेळा आणि कूलर सुरू होण्याच्या वेळा जुळतात का, हे दोन दिवस पाहिले की संशय फिटतो. कोरड्या हवेत कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर साठणारी स्थिर विद्युतही असाच झटका देते. कापडगिरण्यांत सूत तुटू नये व उडू नये म्हणून हवेत ओलावा राखतात, घरात तशी सोय नसते. या सर्वांवर खरा उपाय म्हणजे चांगली अर्थिंग, म्हणजे संगणकाचे धातूचे अंग जमिनीशी जोडणारी तार, आणि नेमकी तीच येथे उन्हाळ्यात दगा देते. सोलापूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात ओलावा धरते व विजेला सहज वाट देते, परंतु उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीशी तिचा स्पर्श सुटतो आणि विजेला होणारा रोध वाढतो. कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा कुचकामी आहे असे समजावे, कारण संगणकाच्या पुरवठा-पेटीतील गाळणीमुळे अशा वेळी कॅबिनेट २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असला तरी तो संवेदनक्षम मंडलांना सतावतो. लॅपटॉप चार्जिंगला लावताच टचपॅडवरचा कर्सर थरथरू लागतो व चार्जर काढताच शांत होतो, हेही याच गोष्टीचे लक्षण असते. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. मात्र वायरिंगला हात घालण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडेच सोपवावे.

माऊस उघडण्याची वेळ आलीच, तर तो आधी संगणकापासून सोडवावा किंवा त्यातील सेल काढावा. स्क्रू दिसत नसले तर ते पोटाखालच्या निसरड्या पट्ट्यांखाली किंवा कागदी लेबलाखाली असतात. पट्टी गरम हवेने किंचित ऊब देऊन सोलली तर पुन्हा चिकटते, ओढून काढली तर दुमडते आणि दुमडलेली पट्टी नंतर मेजावर घासत राहते. कवच उघडताना वरच्या व खालच्या भागांना जोडणारी बारीक तार ताणली जाऊ नये आणि चाकाखालची स्प्रिंग उडून जाऊ नये, एवढे सांभाळले तर तंतू चिमट्याने काढणे व एन्कोडरमध्ये अल्कोहोलचा थेंब सोडणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मायक्रोस्विच बदलण्यासाठी मात्र डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, कसब लागते. नवा स्विच हाताशी नसेल तर एक युक्ती आहे: उजवे बटण डाव्याच्या मानाने फारच कमी वापरले जाते आणि बहुतेक माऊसमध्ये दोन्हीखाली एकाच जातीचे स्विच असतात, म्हणून उजवीकडचा ताजा स्विच डावीकडे व झिजलेला उजवीकडे बसवता येतो. डाग देण्याची तयारी नसेल तर सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बटणांची कामे बदलून घेतली तरी तोच परिणाम साधतो, फक्त बोटांची सवय बदलावी लागते.

तीन-चारशे रुपयांच्या माऊससाठी एवढा खटाटोप करावा का, हा प्रश्न रास्त आहे. तंतू, मळ, पृष्ठभाग, सेटिंग आणि रिसीव्हरची जागा यांवरचे उपाय जवळजवळ फुकट असल्याने ते प्रत्येक माऊसवर करून पाहावेत. झिजलेला स्विच किंवा तुटलेली तार मात्र स्वस्त माऊसमध्ये दुकानातून दुरुस्त करून घेण्यापेक्षा नवा घेणे सोयीचे पडते. एकाच बनावटीचे दोन बिघडलेले माऊस घरात असतील तर एकाची तार आणि दुसऱ्याचे स्विच मिळून एक चालता माऊस उभा राहू शकतो. उरलेला सांगाडा घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत संगणकासोबतच्या इनपुट साधनांचाही समावेश असल्याने तो नोंदणीकृत संकलकाकडे द्यावा, आणि बिनतारी माऊस असेल तर देण्यापूर्वी त्यातील सेल काढून वेगळा ठेवावा.